पहिल्या पानावरचं चित्र

१

फोल्डरला कुलूप होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या शुक्रवारी सकाळपासून जो तो तिला तेच विचारत होता, आणि प्रत्येकाच्या विचारण्यात 'तूच विसरली असशील' असा सूर होता.

संस्थेत तिला सगळे 'ऐकणारी' म्हणत. मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बायका फोन करत आणि ही आपल्या घरी बसून त्यांचं ऐकून घेई, धीर देई, कॉम्प्युटरवर नोंदी ठेवी. डोळ्यांनी तिला जन्मापासून दिसत नव्हतं. त्याचं तिला काही वाटत नसे. लोकांना मात्र फार वाटे, आणि त्याचाच तिला राग येई.

दहाला फोन वाजला. संस्थेच्या मोठ्या बाई होत्या. एरवी त्या आधी दोन मिनिटं खोकत, मग बोलत. आज खोकल्या नाहीत.

"सतरा नंबरचा नवरा काल इस्त्रीच्या दुकानावर पोचला."

संस्थेत बायकांची नावं कधी घेत नसत. सतरा नंबर म्हणजे सहा वर्षांच्या मुलीला घेऊन घर सोडलेली बाई. इस्त्रीच्या दुकानावरची खोली तिला मोठ्या बाईंनीच मिळवून दिली होती.

"पोचला म्हणजे? आणि त्या दोघी?"

"त्या सुखरूप आहेत, तिथे नव्हत्या. त्याने वर जाऊन दार तोडलं. इस्त्रीवाल्या आजी मध्ये पडल्या, त्यांचं मनगट मोडलं."

"मग आहेत कुठे त्या?"

"ते मी आता तुला सांगणार नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

अकरा वर्षं एकत्र काम केल्यावर हे वाक्य. ऐकणारीला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं.

"त्या खोलीचा पत्ता फक्त फाइलमध्ये होता," बाई पुढे म्हणाल्या. "नेटवरून ती फाइल दोनच कॉम्प्युटरवर येते, माझ्या आणि तुझ्या. माझा ऑफिसात, किल्ली माझ्या कमरेला. तुझा घरात. घरात माणसं. फाइल फुटली म्हणजे आतलं सगळंच फुटलं, म्हणून चारच्या गाडीने दोघींना दुसऱ्या गावी पाठवतेय."

"तिचं काम? मुलीची शाळा? अहो, ती मुलगी तीन महिने मुकी होती. मागच्या आठवड्यात वर्गात पहिल्यांदा बोलली!"

"मला ठाऊक नाही का ते?" मोठ्या बाईही आता ओरडल्या. "मग सांग, कोणी वाचली फाइल? चारच्या आत सांग. नाहीतर मला तुझंही काम थांबवावं लागेल."

२

पासवर्ड तेवीस अक्षरांचा होता. तो तिच्या डोक्यात होता आणि तिच्याच ब्रेल पाटीवर टोचलेल्या एका कागदावर. अडीअडचणीला नवऱ्याला हवा म्हणून तो कागद पाकिटात घालून तिने पाकीट सुईदोऱ्याने शिवलं होतं. गोंद उघडून परत चिकटवता येतो. तिची शिवण मात्र तिलाच येते, पाचव्या टाक्याला उलटी गाठ. तिने कपाटातून पाकीट काढून बोट फिरवलं. पाचवा टाका, उलटी गाठ. कुणी हात लावलेला नव्हता.

नवरा बस डेपोत होता. तिने फोन करून त्याला अडीचला घरी यायला सांगितलं. कारण विचारलं तर तिने नुसतं "या" म्हटलं. तो मुकाट्याने "बरं" म्हणाला.

मग तिने धाकट्या दिराला बोलावलं. कुलपाचा प्रोग्राम त्यानेच बसवला होता. घरातलं कुठलंही बटण आपल्याशिवाय चालत नाही असा त्याचा पक्का समज होता.

तो आला, त्याने स्क्रीनवरची खोळ ओढून काढली आणि तिच्यावरची धूळ झटकत शिंकला. स्क्रीनचा तिला उपयोग नव्हता, म्हणून ती वर्षभर खोळीतच असे. तिच्यासाठी फाइल बोलत असे. वाचून दाखवणारा प्रोग्राम होता, आणि तो ती इतक्या वेगात चालवी की ऐकणाऱ्याला नुसती किरकिर वाटावी. दीर त्याला मुंग्यांची सभा म्हणे.

"वहिनी, इथे नोंद असते बघा," तो म्हणाला. "हे फोल्डर या आठवड्यात एकदाच उघडलंय. मंगळवारी अकरा पाचला. अकरा पन्नासला बंद. पासवर्ड चुकल्याची एकही नोंद नाही."

"ती मीच."

"मग उघडं ठेवून उठला असाल. तुम्हाला दिसत नाही ना, मागून कुणी..."

"भाऊजी, मी पंचेचाळीस मिनिटं या खुर्चीतून उठले नव्हते. आणि मागून बघणाऱ्याला काय दिसलं असतं? तुमच्या हातातली ती खोळ?"

दीर गप्प झाला. ते त्याला फारसं जमत नसे, म्हणून लगेच म्हणाला, "म्हणजे तुम्हाला माझाच संशय. कुलूप मी बसवलं ना!"

"तुमचाही आहे," ती म्हणाली. "मंगळवारी अकराला घरात कोण कोण होतं?"

"मी झोपलो होतो, रात्रपाळी होती. आणि आपल्या ताई."

ताई म्हणजे तिची थोरली नणंद. तिचं घर रंगवायला काढलं म्हणून दहा दिवस मुक्कामाला होती. बाहेर जेवणाच्या टेबलावर तिचं काम चालू होतं. सभा-बैठकांचं रेकॉर्डिंग ऐकून ती टाइप करून देई. पायाखाली पेडल असे. दाबलं की आवाज पुढे, सोडलं की मागे. एकच वाक्य चार चार वेळा, रेंगाळत. दहा दिवस ऐकणारी ते दाराआडून ऐकत होती आणि डोकं उठलं तरी बोलत नव्हती, कारण पाहुणी.

"वन्सं, मंगळवारी माझ्या खोलीत कुणी आलं होतं का?"

"मी आले होते की. फोन चार्जिंगला लावायला. माझ्या खोलीतला प्लग सैल आहे असं तुला सांगून नव्हतं का लावलं?" पेडल थांबलं. "आणि माझ्यावर कशाला घसरतेस? आम्हाला काय कळतंय तुमच्या कॉम्प्युटरचं! जुनी डिस्क त्या दुरुस्तीवाल्याला देऊन टाकलीत म्हणे, तेव्हा नाही सुचलं."

ऐकणारी दारातच थांबली. जुनी डिस्क तिच्या डोक्यातून पार गेली होती.

३

दुरुस्तीवाल्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत. दुकान दोन गल्ल्या सोडून होतं, तापलेल्या सोल्डरचा वास आला की समजायचं आलं. ती काठी आपटतच आत शिरली.

"पंधरा दिवसांपूर्वी माझ्या कॉम्प्युटरची डिस्क बदललीत. जुनी कुठेय?"

"ती? ती तर मॅडम... म्हणजे बघायला लागेल."

"मला फोडून टाकतो म्हणाला होतात. माझ्यासमोर हातोडीचा आवाजही काढलात!"

डॉक्टरने आवंढा गिळला. तो तिला स्पष्ट ऐकू आला. मग खण ओढल्याचा आवाज. "चांगली डिस्क होती हो. जिवावर आलं. हातोडी मी टेबलावर मारली."

दुकानातलं सगळं सामान उचलून त्याच्या डोक्यात घालावं असं तिला वाटलं. कुणाला दिसत नाही म्हणून त्याच्यासमोर टेबलावर हातोडी मारायची! चोरीपेक्षा तिला हे जास्त लागलं.

"कुणाला दिलीत? कोण बघून गेलं?"

"कुणी नाही, आईशप्पथ. पुसायचीच राहिली होती. कुलूप आहे ना तिच्यावर?"

"कुलूप मी ठेवलं, डॉक्टर. शब्द तुम्ही दिला होता." तिने हात पुढे केला. डिस्क हातात आली. पंधरा दिवसांपूर्वीचं सगळं तिच्यात होतं. इस्त्रीच्या दुकानाचा पत्तासुद्धा.

चोर सापडला असं कुणालाही वाटलं असतं. दिराने तर रस्त्यातच फोनवर "धरा त्याला!" म्हणून आरडाओरडा केला. पण तिला आधी आजींशी बोलायचं होतं. तिने दवाखान्यात फोन लावला.

"हात प्लास्टरात आहे, तोंड नाही," आजी म्हणाल्या. "विचार काय ते."

"तो काय काय बोलला, आजी? जसंच्या तसं सांगा."

"आला पावणेदोनला. म्हणतो, 'कुठेय ती? दोनला परत येते ना? बुधवारपासून पाळी बदललीय, मला सगळं माहितेय.' मी म्हटलं, तुला माहितेय तर मला कशाला विचारतोस मेल्या? मग चढला जिना. रिकामी खोली बघून खाली आला आणि माझा हात पिरगाळला. 'कुठे गेली सांग.' मी इस्त्री घातली त्याच्या पोटात. थंड होती ग! तेवढं एक वाईट झालं."

"तुम्ही सांगितलंत कुठे गेली ते?"

"सांगितलं असतं तर मनगट शाबूत नसतं का?"

ऐकणारी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. डोळे भरून आले होते आणि राग तसाच होता.

बुधवारपासून पाळी बदलली. हे सतरा नंबरने तिला मंगळवारी अकराला फोनवर सांगितलं होतं, हेडफोनमध्ये. तिने ते तेव्हाच फाइलमध्ये लिहून परत एकदा ऐकलंही होतं. पंधरा दिवसांच्या जुन्या डिस्कला ते माहीत असणं शक्य नव्हतं. डॉक्टर लबाड होता, पण ही चोरी त्याची नव्हती.

म्हणजे मंगळवारची फाइल. तिच्या घरातली, कुलपातली, एकदाच उघडलेली.

४

दीड वाजला होता. तिने मोठ्या बाईंना फोन केला.

"बाई, एक सांगा. आता त्या जिथे आहेत ती जागा फाइलमध्ये कुठेच नाही. मग त्यांना गावाबाहेर कशाला घालवताय?"

"नाही काय? आहे की! पहिल्याच पानावर, सगळ्यात वर. नेहमीसारखी जागा बदलायची म्हणून सोमवारी संध्याकाळी त्यांना हलवलं आणि रात्र पडायच्या आत मीच टाकलं."

"मंगळवारी मी नोंद करण्याआधी फाइल पहिल्यापासून ऐकली. पहिल्या पानावर जुनाच पत्ता होता. आणि फोनवर बायका पत्ता बोलत नाहीत."

"त्याच्या वर ग! एवढाल्या अक्षरात, लाल पेनने..."

"पेनने?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"बाई, तुम्ही कागदावर लिहून त्याचा फोटो चिकटवलात. परत!" ती भर रस्त्यात ओरडली. एक माणूस दचकून बाजूला झाला. "किती वेळा सांगितलंय, मला चित्र वाचता येत नाही. माझा प्रोग्राम नुसता 'चित्र' म्हणतो आणि पुढे जातो. मंगळवारीसुद्धा म्हणाला. मला वाटलं संस्थेचा शिक्का असेल!"

"मला टाइप करायला वेळ लागतो," मोठ्या बाई कसनुशा म्हणाल्या. "घाईत होते."

"तुमची घाई मरो..." आणि ती वाक्याच्या मधेच थांबली.

काठीचं टोक तिने जमिनीवर दाबून धरलं. मग हळूच म्हणाली, "बाई, तो काल जुन्या जागी का गेला?"

"म्हणजे?"

"त्याला बुधवारच्या पाळीची खबर होती. म्हणजे खबर देणाऱ्याकडे मंगळवारची फाइल होती. मंगळवारच्या फाइलवर नवा पत्ता लाल अक्षरात कपाळावर लिहिलेला. तो सोडून तो जुन्या जागेचं दार तोडायला जाईल? डोळ्यांनी वाचणारा कुणीही, तुमच्या ऑफिसातला असो, नेटवरून घुसलेला असो, माझ्या घरातला असो, त्याला आधी तेच दिसलं असतं."

"मग वाचली कुणी?"

"कुणीच वाचली नाही," ऐकणारी म्हणाली. "खबर देणाऱ्याला नेमकं तेवढंच माहीत होतं जेवढं मला होतं. एक अक्षर जास्त नाही. गाडीची तिकिटं अजून फाडू नका, पण त्या दोघींना खोलीतून हलवूही नका. तीनला मी फोन करते."

आणि मग ती घरी गेली. पण आपल्या खोलीत न जाता पाहुण्यांच्या खोलीत गेली, आपला फोन भिंतीवरच्या प्लगला लावला आणि वायर धरून चांगली हलवली.

५

अडीचला चौघं जेवणाच्या टेबलाशी बसले. तिने, नवऱ्याने, दिराने आणि नणंदेने चहा घेतला नाही. कुणी केलाच नव्हता.

"सकाळपासून आपण सगळे कुलूप तपासतोय," ती म्हणाली. "कुलपाला काही झालेलं नाही. यांच्यासाठी पाकीट ठेवलं होतं, ते शिवलेलंच आहे. भाऊजींनी कुलूप बसवलंय, त्यांना आत शिरायचं असतं तर डोळ्यांनी वाचलं असतं, आणि डोळ्यांनी वाचणाऱ्याला नवा पत्ता कळला असता. चोराला तो कळला नाही. कारण फाइल त्याने पाहिलीच नाही, ऐकली."

"वहिनी, ती मुंग्यांची सभा?" दीर म्हणाला. "तुमच्याशिवाय कुणाच्या बापाला कळत नाही ती."

"तेच मी अकरा वर्षं म्हणत आले. म्हणून हेडफोन फक्त बायकांच्या फोनपुरता घालायचा आणि फाइल मात्र मोकळ्या आवाजात ऐकायची. दिवसभर कान गरम होतात म्हणून!" तिचा आवाज चिरकला. "कळत नाही खरं. पण कुणी ते रेकॉर्ड केलं आणि सावकाश लावलं तर? पेडल दाबून, सोडून, एक एक वाक्य चार चार वेळा?"

टेबलाखाली पेडल कुणाच्या तरी पायाने करकरलं.

"वन्सं, तुमच्या खोलीतला प्लग सैल नाही. मी आत्ताच हलवून पाहिला. मंगळवारी तुमचा फोन माझ्या खुर्चीच्या मागे चार्जिंगला नव्हता."

नणंद ताडकन उठली. "एवढा मोठा आरोप! माझ्याच भावाच्या घरात!"

"ताई," नवरा म्हणाला. तेवढंच. पण त्या आवाजात तो कधी बोलत नसे, आणि नणंद परत खाली बसली.

"ज्यांच्या बैठका मी टाइप करते त्या ऑफिसात त्या बाईचा नवरा गाडी चालवतो," ती म्हणाली. "संस्थेने त्याला पाठवलेल्या पत्रावर तुझी सही होती. आडनाव वाचून त्याने विचारलं, तुमची कोण? माझ्यासमोर ढसाढसा रडला ग तो. म्हणाला, लेकीला एकदा डोळे भरून बघू द्या. बाप आहे तो. तुम्ही लोक घरं मोडता, एका बाजूचं ऐकता. मी चांगल्यासाठीच केलं."

"चांगल्यासाठी," ऐकणारी म्हणाली. "सत्तर वर्षांच्या बाईचं मनगट."

"मला काय ठाऊक तो असा निघेल?"

ऐकणारीने हात पुढे केला. "फोन द्या."

नणंदेने तो दिला नाही. नवऱ्याने तिच्या हातातून काढून घेतला आणि बायकोच्या तळहातावर ठेवला.

तिने आधी आपल्या फोनवरून मोठ्या बाईंना गाठलं आणि सगळं सांगितलं. नणंदेच्या फोनमधलं रेकॉर्डिंग हाच पुरावा होता, आणि त्याच्यात नव्या पत्त्याच्या जागी 'चित्र' एवढा एकच शब्द होता. मोठ्या बाईंनी आता मात्र दोन मिनिटं खोकून घेतलं. "गाडी रद्द," त्या म्हणाल्या. "मुलगी सोमवारी शाळेत जाईल. तिथल्या शिक्षिकांना मी सावध करते. तो फोन पोलिसांकडे पाठव, मी तिथे पोचतेच. आणि माझं चुकलं. सकाळी जे बोलले ते."

"ते आणि फोटो," ऐकणारी म्हणाली. "आज फोटोने वाचवलं म्हणून पुढच्या वेळी ऐकून घेणार नाही. टाइप करायला शिका."

फोन ठेवल्यावर नणंदेने हुंदका दिला. "खरंच ग, मला माहीत नव्हतं तो कसा आहे ते."

तेव्हा मात्र ऐकणारीच्या रागाचा बांध फुटला.

"माहीत नव्हतं? वन्सं, पूर्ण फाइल होती तुमच्या हातात! त्याने काय काय केलं ते पत्त्याच्या खालीच आहे. ती मुलगी बोलायची का थांबली ते आहे. तुम्ही पत्त्यापर्यंत सावकाश ऐकलंत, पाळीची ओळ शोधलीत, आणि मधलं पळवलंत. रोज ऐंशी पानं दुसऱ्याचं बोलणं उतरवता, आणि हे ऐकायला अर्धा तास नव्हता तुमच्याकडे!"

पेडल टेबलाखाली होतं, मशीन समोर होतं. रेकॉर्डिंग लावायचं, वेग कमी करायचा, आणि ती मधली पानं हिला एक एक शब्द ऐकवायची. चार चार वेळा. ऐकणारीचा अंगठा फोनच्या काचेवर टेकला. इतकं मनापासून तिला कित्येक वर्षांत काही करावंसं वाटलं नव्हतं.

"लाव," नवरा हलकेच म्हणाला. "ऐकू दे तिला."

ऐकणारीने अंगठा उचलला.

"नाही. ते सतरा नंबरने मला सांगितलंय. तुम्हाला कुणालाच नाही."

तिने नणंदेचा फोन दुसऱ्या पाकिटात घातला, पाकीट शिवलं, पाचव्या टाक्याला उलटी गाठ मारली आणि नवऱ्याच्या हातात दिलं. तो बहिणीला घेऊन पोलीस चौकीवर जायला खाली उतरला. दीर त्यांच्या मागून गेला, पहिल्यांदाच काही न बोलता.

खोलीत फोन वाजत होता. ती आत गेली, दार लावून घेतलं, हेडफोनची वायर कॉम्प्युटरला जोडून दोनदा चाचपून पाहिली. मग फोन घेतला.

"बोल," ती म्हणाली. "मी ऐकतेय. आता फक्त मीच ऐकतेय."